खांद्यात जिरणारे बळ आणि पाइपातील धक्का

ताई चीमधील पुश हँड्स या दोघांनी करायच्या सरावातील जुना पेच अखेर सुटू लागला आहे. कमरेतून निघालेले बळ खांद्यातच जिरत होते. दाब म्हणजे व्होल्टेज, प्रवाह म्हणजे करंट आणि आखडलेला स्नायू म्हणजे रोध, या आपल्या नेहमीच्या मांडणीप्रमाणे खांदा सैल सोडला की बळ वाढायला हवे; पण तो जितका सैल सोडावा तितके तळहातातील बळ उलट कमीच होत होते.

उत्तर संत्र्याच्या बागेत ओलित करताना मिळाले. मोटार चालू असताना बॉल व्हॉल्व्ह झटकन बंद केला की त्याच्या अलीकडचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप ठणकन वाजतो. तेथे रबरी नळी जोडली, तर ती किंचित फुगते आणि धक्का गिळून टाकते. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी १८९८ मध्ये दाखवल्याप्रमाणे पाण्याची घनता, पाइपातील दाबलहरीचा वेग आणि प्रवाहाच्या वेगातील बदल यांचा गुणाकार म्हणजे हा धक्का. सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी एकाएकी थांबले, तर लोखंडी पाइपात सुमारे १२ बार दाब उसळतो, पीव्हीसीत साधारण ४ आणि रबरात त्याहूनही बराच कमी. कॉइलमधील करंट तोडताच व्होल्टेज असेच उसळते, म्हणूनच १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोटारसायकलचा प्लग ठिणगी टाकतो. मात्र समांतर मोठा कपॅसिटर असेल, तर उसळी त्यातच जिरते. लोंबता खांदा हा तसा कपॅसिटर आहे.

म्हणून फाजिन, म्हणजे बळ एका झटक्यात सोडण्याची क्रिया, करताना आता कंबर वळवून क्षणात थांबवतो आणि खांदा न आखडता पंगचा (बाहेरच्या बाजूने फुगलेल्या, लवचिक ताणाचा) भरीवपणा राखतो. बळ थेट तळहातात उतरते, आणि समोरचा सहकारी मुळासकट हलतो! हा आनंद शब्दांत मावत नाही.

ओहमचा नियम पाण्याने दाखवण्यासाठी योजलेले पारदर्शक नळ्यांचे मॉडेल तूर्त बाजूला ठेवत आहे. तेथे साम्य अपुरेच पडते, कारण व्यास निम्मा केल्यास तारेतील करंट चौथ्या हिश्श्यावर येतो, तर नळीतील संथ प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर. त्याऐवजी वावराशेजारचा नाला वाहता आहे तोवर फ्रेंच संशोधक माँगोल्फिए यांनी १७९६ मध्ये काढलेल्या धर्तीचा रॅम पंप, म्हणजे याच धक्क्याच्या जोरावर विजेविना पाणी वर चढवणारा पंप, बसवतो. वेस्ट व्हॉल्व्हसाठी, म्हणजे एरवी उघडी राहून पाणी बाहेर सोडणाऱ्या आणि प्रवाह वाढताच झटकन मिटून धक्का देणाऱ्या झडपेसाठी, पितळी स्विंग एनआरव्हीच (झुलत्या पाळीचा एकदिशा व्हॉल्व्ह) घ्यावा. दुकानदार आग्रहाने देतात तो स्प्रिंगचा येथे निरुपयोगी, कारण स्प्रिंग त्याला मुळात बंदच धरून ठेवते.

लिहिता लिहिता आणखी एक सुचले: चालक पाइप (नाल्याचे पाणी पंपात आणणारा) एकदा जीआयचा आणि एकदा रबरी लावून वर चढणारे पाणी मोजले, तर खांद्याचा हा सारा युक्तिवाद बादलीने तपासता येईल. मोर्शी-वरुड भागात कोणाकडे जुना दीड इंची जीआय पाइप पडून असल्यास अवश्य कळवावे.