श्रवणयंत्र बसवताना: ‘सवय होईल’ हे उत्तर कधी मानायचं आणि कधी नाही

कानाचं मशीन निवडणं मला सोपं गेलं. माझा सगळा वेळ गेला तो सेटिंगमध्ये, आणि त्याचा राग अजून आहे. मशीन चालू होतं, आवाज येत होता, पण शब्द कळत नव्हते. काहीही सांगितलं तरी समोरून उत्तर यायचं, “सवय होईल.” या एका उत्तराखाली तीन वेगवेगळ्या अडचणी दाबल्या जातात.

तपासणीबद्दल थोडक्यात. आधी डॉक्टरांकडून कानातला मळ काढून घ्या, नाहीतर ऑडिओग्राम (कुठल्या पट्टीचा आवाज किती हळू असला तरी ऐकू येतो, त्याचा आलेख) चुकतो. हेडफोन लावून आणि कानामागच्या हाडावर कंपक ठेवून, दोन्ही प्रकारे चाचणी झाली पाहिजे. या दोन चाचण्यांच्या रेषांमध्ये मोठं अंतर दिसलं तर दोष बाहेरच्या किंवा मधल्या कानात असू शकतो. त्यावर कधीकधी उपचार असतात, म्हणून मशीनआधी कानाचे डॉक्टर. शब्द ओळखण्याची चाचणीही मागून घ्या. मशीनकडून किती अपेक्षा ठेवायची ते तिच्यातून कळतं.

ऑडिओग्रामवर माझी रेषा 1000 हर्ट्झपर्यंत, म्हणजे खालच्या पट्टीत, ठीक आहे आणि 2000 च्या पुढे, वरच्या पट्टीत, घसरते. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात असं खूप जणांचं असतं. आ, ऊ, म हे जाड आवाज पोचतात. स, श, फ गळून पडतात. मग ‘साठ’चं ‘आठ’ होतं, आणि घरच्यांना वाटतं की लक्ष नाही.

आता त्या तीन अडचणी.

पहिली खरोखर सवयीची. पंख्याची घरघर, कागदाची खसखस, नळाचं पाणी, ताटवाट्यांचा आवाज सुरुवातीला अंगावर येतो, कारण मेंदूने हे आवाज बरीच वर्षं ऐकलेले नसतात. याला काही आठवडे द्यावेच लागतात आणि मशीन दिवसभर घालावं लागतं. फक्त पाहुणे आल्यावर घातलं तर सवय होत नाही. (किती तास घातलं याची नोंद बहुतेक मशीनमध्ये होते आणि ऑडिओलॉजिस्टला (ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाला) ती दिसते.)

दुसरी, स्वतःचा आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमणं. मशीन कानातच ठेवून बंद करा आणि ‘ई’ म्हणा. तरीही घुमत असेल तर कान जास्त बंद झाला आहे. जबड्यातून आलेला आवाज बाहेर पडायला जागा नाही. त्याला उपाय म्हणजे उघडा डोम (मशीनच्या टोकाला लावून कानात बसवायची, छिद्रं असलेली मऊ टोपी) किंवा साच्यातलं, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेल्या तुकड्यातलं, मोठं छिद्र. बंद केल्यावर घुमणं थांबलं, तर मशीन खालच्या पट्टीचे आवाज जास्त वाढवतं आहे आणि ते सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतं. एवढीशी चाचणी, पण ती करून पाहण्याऐवजी मला सवयीचं सांगितलं गेलं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: आवाज येतो, शब्द उमगत नाहीत. इथे वाट पाहून उपयोग नाही, कारण जो आवाज कानाच्या पडद्यापर्यंत पोचतच नाही त्याची सवय कशी होणार? ऑडिओग्राम भरला की मशीन जुळवायचं सॉफ्टवेअर पहिलं सेटिंग स्वतः काढतं, पण ते सरासरी कानाच्या हिशोबाने. प्रत्येकाच्या कानाची नळी वेगळी, डोममधून होणारी गळती वेगळी. शिवाय नवख्या माणसाला त्रास नको म्हणून सुरुवातीला आवाज मुद्दाम कमी ठेवतात. तो पुढे वाढवायचा राहून गेला की माणूस अर्ध्या ताकदीवर महिनोन्‌महिने काढतो.

यावरचा इलाज म्हणजे प्रत्यक्ष कानात मोजणं, ‘रिअल इअर मेजरमेंट’. सिलिकॉनची बारीक नळी पडद्यापासून साधारण 5 मिलिमीटरवर येईपर्यंत कानात सरकवतात आणि तिच्या बाजूने मशीन बसवतात. समोरच्या स्पीकरवरून 55, 65 आणि 75 डेसिबलला बोलणं वाजवतात. हळू, नेहमीचं आणि मोठ्याने. पडद्यापाशी किती आवाज पोचला त्याची रेषा संगणकावर उमटते, आणि शेजारी तुमच्या ऑडिओग्रामवरून काढलेलं लक्ष्य असतं, बहुधा एनएएल-एनएल2 किंवा डीएसएल सूत्राचं. रेषा लक्ष्याच्या 5 डेसिबलच्या आत आणायची. दुखत नाही, थोडी गुदगुली होते. माझी रेषा नेमकी 3000 हर्ट्झच्या पुढे खाली होती, म्हणजे जिथे ‘स’ राहतो तिथेच.

वाढवायला घेतलं की शिट्टी वाजते, ही पुढची गाठ. उघड्या डोममधून वरच्या पट्टीचा आवाज बाहेर गळतो आणि मायक्रोफोन तो पुन्हा पकडतो. शिट्टी थांबवण्यासाठी कुणी तोच आवाज कापून टाकला तर पुन्हा शब्द गेले. बंद डोम लावला तर शिट्टी जाते, पण आवाज घुमू लागतो. माझ्या कानाचा साचा घेऊन, त्यात मधल्या मापाचं छिद्र ठेवल्यावर दोन्ही जमलं. मोजणी मात्र साचा बसवल्यावर पुन्हा करायला लावा, कारण डोम बदलला की आधीचे आकडे लागू राहत नाहीत.

म्हणून मशीन ठरवण्याआधीच विचारा: “नळी घालून कानात मोजता का?” “मशीन घालून बीप ऐकवतो” हे त्याचं उत्तर नाही. त्यातून सगळ्यात हळू काय ऐकू येतं तेवढंच कळतं. बोलणं कसं पोचतं ते कळत नाही.

घरी रोज करण्यासारखी तपासणी म्हणजे ‘लिंग’ (Ling) या आडनावाच्या तज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे सहा ध्वनी. दुसऱ्याने दोन मीटरवर, तोंड न दाखवता म, ऊ, आ, ई, श, स हे उलटसुलट क्रमाने म्हणायचे आणि तुम्ही तेच परत म्हणायचं. काल येणारा ‘स’ आज येत नसेल तर आधी वॅक्स फिल्टर (मळ आत जाऊ नये म्हणून लावलेली बारीक जाळी) बदला. मशीन बिघडलं असं वाटतं तेव्हा पुष्कळदा तोच तुंबलेला असतो.

तक्रार नेताना “नीट ऐकू येत नाही” असं सांगू नका. “चार जण एकदम बोलले की”, “लहान मुलांचं बोलणं”, “भांडं पडलं की कानाला लागतं” असं लिहून न्या. दर भेटीत एकच गोष्ट बदलायला सांगा, म्हणजे फरक कशाने पडला ते समजतं.

बॅटरीचं राहिलं. झिंक-एअर बॅटरी हवेवर चालते; चिकटपट्टी काढल्यावर पाचेक मिनिटं उघडी ठेवून मग घाला. बॅटरीच्या मापाप्रमाणे चिकटपट्टीचा रंग लक्षात ठेवा: 10 नंबर पिवळा, 312 तपकिरी, 13 केशरी, 675 निळा. रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, पण बॅटरी बाहेर काढून. कोरड्या हवेत ती लवकर सुकते. आणि मोजणीच्या रेषेची छापील प्रत मागून घ्या. पुढे रिसीव्हर (मशीनचा छोटा स्पीकर) बदलला किंवा दुसरीकडे जायची वेळ आली, तर तिच्याशी ताडून पाहता येतं.