डोमेनबाहेरच्या लॅपटॉपला ऑफिसचा प्रिंटर कसा द्यायचा? तुम्ही विचारलंत म्हणून

एमआयडीसीतल्या छोट्या-मध्यम कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे ऑडिटचा सीझन आला की हा फोन ठरलेला. ऑडिटर मंडळी स्वतःचे लॅपटॉप घेऊन आलीयत, ते आपल्या डोमेनमध्ये (म्हणजे कंपनीच्या सर्व्हरने एकत्र सांभाळलेल्या कॉम्प्युटर आणि यूजर अकाउंटच्या यादीत) नाहीत, प्रिंटर दिसतोय पण पासवर्ड मागतोय, आणि वर "सर, प्रिंटरवर एव्हरीवनला, म्हणजे सगळ्यांच्या ग्रुपला, प्रिंटची परमिशन आहे की!"

आहे ना, विंडोज ती आपणहूनच देतं. पण ती झाली फ्लॅटच्या दाराची गोष्ट, खाली सोसायटीच्या गेटवर वॉचमन बसलाय त्याचं काय? प्रिंटर ज्या सर्व्हरवरून शेअर केलाय तो सर्व्हर आधी विचारतो तू कोण, आणि ओळख पटली तरच गाडी प्रिंटरच्या परमिशनपर्यंत जाते. एव्हरीवनमध्ये अनोळखी माणूस येत नाही, एक्सपीच्या काळापासूनच त्याला बाहेर ठेवलंय.

इथे हमखास कोणीतरी सर्व्हरवर गेस्ट अकाउंट, म्हणजे बिनओळखीच्या पाहुण्यांचं खातं, चालू करतं. नका हो करू. प्रिंटरसाठी उघडलेलं गेट फाइल्सलाही उघडं पडू शकतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून प्रो एडिशनचा लॅपटॉप स्वतःच गेस्ट लॉगिन नाकारतो, म्हणजे बदनामी पदरात आणि प्रिंट नाहीच. लॅपटॉप डोमेनमध्ये घेऊन टाका म्हणणारेही असतात, पण दुसऱ्याच्या कंपनीचा लॅपटॉप आपण कसा घेणार, आणि होम एडिशन असेल तर ती जॉइन होतच नाही.

मी काय करतो, फक्त प्रिंटसाठी डोमेनमध्ये एक वेगळं अकाउंट काढतो, लांबलचक पासवर्ड, शेअर्ड फोल्डरवर हक्क शून्य, आणि पासवर्ड एक्स्पायर होणार नाही असं टिक, कारण डोमेनची मूळ पॉलिसी ४२ दिवसांची असते आणि मग एका सकाळी सगळ्यांचं प्रिंटिंग एकदम बंद. हे अकाउंट त्या लॅपटॉपच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (विंडोज जिथे पासवर्ड जपून ठेवतं तिथे), विंडोज क्रेडेन्शियल्सखाली टाकायचं. यूजरनेम नुसतं लिहू नका, आधी डोमेनचं नाव, मग बॅकस्लॅश, मग यूजरनेम. आणि सर्व्हर ज्या नावाने सेव्ह केला त्याच नावाने प्रिंटर जोडायचा, आयपीने सेव्ह करून नावाने जोडलात की परत पासवर्डची खिडकी पुढ्यात.

अजून एक गोची. त्याच सर्व्हरवरचं फोल्डर त्या माणसाने दुसऱ्या यूजरनेमने आधीच उघडलं असेल तर विंडोज एरर १२१९ देतं, एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन यूजरनेम चालत नाहीत म्हणून. अशा वेळी फोल्डर नावाने आणि प्रिंटर आयपीने जोडायचा, विंडोजला ते दोन वेगळे सर्व्हर वाटतात. जुगाड आहे पण चालतो.

एवढं करून ड्रायव्हरपाशी अडलं तर ते २०२१ चं प्रिंटनाइटमेअर प्रकरण, विंडोजच्या प्रिंटिंगमध्ये सापडलेलं सुरक्षेचं भोक. त्या ऑगस्टच्या अपडेटपासून सर्व्हरवरून ड्रायव्हर उतरवायला लॅपटॉपवर अ‍ॅडमिन असावं लागतं, आणि ऑडिटरच्या हातात अ‍ॅडमिन बहुतेक नसतोच, मग त्यांच्या आयटीवाल्याला फोन. अपडेट काढून टाकण्याचे किंवा रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) ही अ‍ॅडमिनची अट बंद करण्याचे सल्ले ढिगाने मिळतील, माझ्या क्लायंटकडे मी तसं करू देत नाही.

दोन-चारच लॅपटॉप आणि तेही आठवड्यासाठी असतील तर मी सर्व्हरच्या नादाला लागतच नाही. प्रिंटरला डीएचसीपीत (नेटवर्कवर आयपी वाटणाऱ्या सेवेत) आयपी पक्का करून द्यायचा, लॅपटॉपवर ड्रायव्हर टाकायचा आणि सर्व्हरऐवजी थेट प्रिंटरच्या आयपीला जोडायचं, स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट, नंबर ९१००. डोमेन नाही, पासवर्ड नाही. मात्र कोणी किती पानं काढली याची नोंद सर्व्हरवर राहत नाही, तेव्हा अकाउंट्सवाल्या मॅडमना आधी विचारून घ्या. आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळ्या नेटवर्कवर असेल तर फायरवॉलमध्ये फक्त त्या प्रिंटरचा आयपी आणि तो एक पोर्ट उघडा, अख्खं नेटवर्क नाही.