आमची वाटचाल : बोटींच्या शाफ्टपासून विमानाच्या फासळ्यांपर्यंत

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळ वडिलांनी लेथ टाकला, तेव्हापासून मच्छीमार बोटींचे शाफ्ट सरळ करणे आणि बुश बदलणे हेच आमचे काम होते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असल्याने जेवायलाही फुरसत नसे आणि नारळी पौर्णिमा उलटली की माश्या मारत बसण्याची वेळ येई. या रिकाम्या महिन्यांसाठी काही काम हवे म्हणून 2014 साली आम्ही सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने कापणारे आणि कोरणारे यंत्र, बांधायला घेतला. तयार यंत्र परवडत नव्हते, हे त्यामागचे खरे कारण. हौस नंतर लागली.

चौकोनी लोखंडी पाइप जोडून केलेला सांगाडा वेल्डिंगच्या उष्णतेने ओढला गेला आणि ज्यावर यंत्राचा सरकता भाग धावतो ती रेल बसवायची जागा जवळपास एक मिलिमीटर वरखाली झाली. ती ग्राइंड करून आणण्याइतके पैसे नसल्यामुळे आम्ही तुळईच्या कडांना पट्ट्यांचा बांध घालून त्यात पातळ इपॉक्सी (दोन घटक मिसळून घट्ट होणारे रेझिन) ओतले, जे पाण्यासारखे आपली पातळी स्वतःच शोधून मग घट्ट होते. हा उद्योग ऐन ऑगस्टमध्ये केल्यामुळे दमट हवेने वरचा थर चिकट राहिला आणि सगळे खरवडून जानेवारीत पुन्हा ओतावे लागले. फायबरच्या बोटी बांधणाऱ्या शेजारच्या कारागिराने हे आधीच बजावले होते.

पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटरच्या एका फेऱ्यात 200 पावले, तिला चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटने त्यांचे केलेले प्रत्येकी आठ भाग आणि बॉलस्क्रूची (यंत्राचा भाग पुढेमागे सरकवणाऱ्या स्क्रूची) एका फेऱ्यातली 5 मिमी चाल, असे गणित केले तर एका मिलिमीटरला 320 पल्स, म्हणजे विजेचे ठोके, येतात. कागदावर हे फार सूक्ष्म दिसते. परंतु आमच्यासारखे लोक जो सी7 या अचूकतेच्या प्रतीचा रोल केलेला स्क्रू वापरतात, त्यात 300 मिमी लांबीमागे 0.05 मिमी चूक मुळातच मान्य असते. म्हणून आम्ही प्रत्येक अक्षावरची चूक टप्प्याटप्प्याने मोजून तिचा तक्ता यंत्र चालवणाऱ्या लिनक्ससीएनसी या संगणक-प्रणालीत भरला आणि 1000 मिमीच्या चौरसाचे दोन्ही कर्ण 1414.2 मिमी येईपर्यंत गॅन्ट्री, म्हणजे यंत्रावरची आडवी सरकती कमान, हलवत राहिलो. या खटाटोपात तीन महिने गेले.

2016 साली मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर बांधलेले विमान मांडले होते, तेव्हा असे काही आपल्याकडेही होते, हे आम्हाला प्रथम कळले. पुढे गणपतीला गावी आलेल्या एका चाकरमान्याने, जो स्वतः दोन आसनी विमान बांधत होता, आमचे यंत्र पाहून पंखाला आतून आकार देणाऱ्या फासळ्यांचे साचे मागितले. या साच्यावर 0.63 मिमी जाडीचा 2024-टी3 या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पत्रा दाबून कडा वळवतात आणि साच्याच्या कडेची गोलाई कमी पडली की पत्रा वळणावरच तडकतो. पहिले साचे एमडीएफचे (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीचे) केले, ते श्रावणात फुगले. तेव्हापासून आम्ही हायलम, म्हणजे रेझिनने दाबून केलेली कडक फळीच, वापरतो.

या 2024 क्रमांकाच्या मिश्रधातूत तांबे असल्याने तो बळकट असतो, पण खाऱ्या वाऱ्याला लवकर बळी पडतो. पत्र्यावरचा शुद्ध ॲल्युमिनियमचा थर त्याला वाचवतो खरा, मात्र कापलेल्या कडेवर हा थर नसतो. त्यामुळे कडा घासून त्याच दिवशी प्रायमर लावतो आणि लेथचा लोखंडी कीस पत्र्यात रुतू नये म्हणून विमानाच्या कामाला जांभ्याची वेगळी खोली बांधली आहे.

सर्वांत महाग धडा उन्हाळ्याने दिला. दुसऱ्या, 2.5 मीटरच्या रॅक-पिनियन (दातेरी पट्टी आणि चाकावर सरकणाऱ्या) यंत्रावर मे महिन्याच्या दुपारी, तापलेल्या पत्र्याच्या छपराखाली आम्ही 2.4 मीटर लांबीच्या पंखाच्या पत्र्याला भोके पाडली, आणि त्याला जोडायच्या ॲल्युमिनियमच्या चॅनेलला (वळवलेल्या पट्टीला) पावसाळ्यातल्या एका गार सकाळी. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन वाढते, यंत्राचे पोलाद सुमारे 12. चौदा अंशांच्या फरकाने शेवटच्या भोकापर्यंत जवळपास 0.37 मिमीची तफावत पडली आणि रिव्हेट बसेना. तो पत्रा आम्ही स्वखर्चाने पुन्हा करून दिला. आता जोडीचे भाग एकाच पहाटे, एकापाठोपाठ एक करतो आणि भोके 2.5 मिमीचीच ठेवतो, म्हणजे जुळवणीच्या वेळी विमान बांधणाऱ्याला दोन्ही पत्रे एकत्र धरून ती 3.26 मिमीपर्यंत वाढवता येतात.

काही कामे आम्ही घेतच नाही. पंख धडाला जोडणाऱ्या फिटिंगसाठी एका ग्राहकाने भंगार बाजारातून आणलेली जाड प्लेट दिली आणि ‘हे 6061च (ॲल्युमिनियमचा एक मिश्रधातू) आहे’ असे खात्रीने सांगितले. माप व्हर्नियरने काढता येते, धातूची जात आणि त्यावर झालेली उष्णता-प्रक्रिया त्याने कळत नाही. प्रमाणपत्र मागितल्यावर गृहस्थ रागावून गेले आणि मागची ऑर्डरही सोबत नेली. ती प्लेट मात्र आमच्याकडेच राहिली असून सध्या तिचा उपयोग लेथच्या पायाखाली पाचर म्हणून होत आहे.