पॅकहाऊसमधली क्वालिटीची नोकरी: माझा अनुभव

बी.एस्सी. बॉटनी केलेल्या मुलीला नाशिकमध्ये नोकरी शोधायची असेल तर पर्याय पटकन संपतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत डिप्लोमा आणि आयटीआयवाले लागतात, औषध कंपन्यांना केमिस्ट्रीवाले. बी.एड. करायची माझी इच्छा नव्हती. दिवाळीनंतर दिंडोरी रस्त्यावरच्या एका द्राक्ष पॅकहाऊसची (द्राक्षं तपासून, पॅक करून परदेशी पाठवतात ते ठिकाण) जाहिरात दिसली: क्वालिटी कंट्रोलर, सीझनपुरते, काम पाहून कायम. खाली नेहमीची यादी होती. उत्तम संवादकौशल्य, टीमवर्क, दबावाखाली काम करण्याची तयारी, संगणकाचं ज्ञान. हीच यादी बँकेच्या जाहिरातीत असते आणि कपड्यांच्या शोरूमच्याही. मी आरशासमोर उभी राहून 'माझी बलस्थानं' पाठ केली. त्यातलं एक वाक्यही उपयोगाला आलं नाही.

मुलाखतीचा पहिला भाग शहरातल्या ऑफिसात झाला आणि तो सांगण्यासारखा नाही. घरून परवानगी आहे का, रात्री उशीर चालेल का, लग्न कधी, असले प्रश्न. (मुलांना शेवटचा प्रश्न विचारला नव्हता, हे मी बाहेर आल्यावर विचारून घेतलं.) दुसरा भाग पॅकहाऊसवर होता. तिथल्या क्वालिटीच्या सरांनी एक घड आणि रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर मोजायचं यंत्र, पुढे ठेवला आणि म्हणाले, "ब्रिक्स सांगा." म्हणजे साखर किती भरते, ते.

माझ्या मामाची निफाड तालुक्यात बाग आहे, त्यामुळे घडाचा खांद्याकडचा मणी आधी गोड होतो आणि शेंड्याचा सगळ्यात शेवटी, हे लहानपणापासून खाऊन माहीत होतं. मी वरचा, मधला आणि शेंड्याचा असे तीन मणी काढले. रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर आधीचा रस वाळलेला दिसला, म्हणून डिस्टिल्ड वॉटर मागून घेतलं, काच पुसली, शून्य लावलं आणि मग थेंब टाकला. तिन्ही आकडे वेगवेगळे आले. तसेच सांगितले. सरांनी मान हलवली, बस्स. ती काच मुद्दाम तशी ठेवलेली असते, हे पुढच्या वर्षी कळलं.

आम्हा सगळ्यांना काही दिवस ट्रायलवर घेतलं. नाशिककडे ऑक्टोबर छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल उतरतो, म्हणजे जानेवारी ते एप्रिल हा खरा धुमाकूळ. पहाटे बागेत काढणी, क्रेट गाडीत, गाडी गेटवर. तिथे आमचं काम सुरू. मण्याचा आकार रिंगने पाहायचा, कारण ऑर्डर १६ मिमीची आहे की १८ची यावर भाव ठरतो. ब्रिक्स, रंग, तडकलेले मणी, देठ हिरवा आहे की वाळू लागलाय, मिलीबग (पिठ्या ढेकूण), भुरी रोगाचे डाग. पुढे टेबलावर बायका कात्रीने खराब मणी काढतात, अर्ध्या किलोचे पनेट (प्लास्टिकचे छोटे डबे) भरतात, दहा पनेटचा पाच किलोचा बॉक्स, मग प्रीकूलिंग, म्हणजे माल झटपट थंड करणं. तिथे उशीर झाला की देठ गेला.

ट्रायलमध्ये माझ्याबरोबर एक मुलगा होता. बोलायला एकदम चटपटीत, इंग्रजी छान, एक्सेल तर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं. त्याचं शीट सगळ्यांच्या आधी पूर्ण व्हायचं. सरांनी ते एकदा हातात घेतलं. ब्रिक्सच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत सतरा. "अरे, एका झाडाचे दोन घड सारखे निघत नाहीत, तुझी अख्खी गाडी सारखी कशी?" तो म्हणाला, "सर, थोडंफारच वर-खाली होतं." सर रागावले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून तो दिसला नाही.

मला तेव्हा हे कठोर वाटलं. मग कागदाचं वजन समजलं. युरोपला जाणाऱ्या मालाची प्रत्येक बाग अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर नोंदलेली असते. काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो, फवारणीच्या औषधांचे अंश मर्यादेत असले तरच माल पुढे सरकतो, आणि तिकडे तक्रार आली तर बॉक्सवरच्या नोंदीवरून थेट बागेपर्यंत माग काढता येतो. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वेलीची वाढ रोखणारं रसायन, मर्यादेपेक्षा जास्त सापडलं होतं. त्या सीझनची आठवण काढली की इथले जुने शेतकरी अजून कपाळाला हात लावतात. माल रॉटरडॅमला पोचेपर्यंत आपल्या हातात फक्त लिहिलेलं उरतं. त्यात २०२३च्या अखेरपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. प्रवास लांबला, तसा देठाच्या हिरवेपणावरून आमच्यावरचा दट्ट्याही वाढला.

आता एक गंमत. सकाळी तपासलेला एखादा क्रेट स्लिप बदलून संध्याकाळी पुन्हा माझ्याच टेबलावर यायचा. मला पत्ता नसायचा. सकाळच्या आणि संध्याकाळच्या शेऱ्यात किती फरक पडतो, ते सर पाहत होते. भूक लागली, पाय दुखायला लागले की माणूस एकतर सगळं पास करतो नाहीतर चिडून सगळं नापास करतो. जाहिरातीतल्या 'दबावाखाली काम' याचा इथला अर्थ एवढाच होता, आणि तो मला पटला. बाकी अनेक ठिकाणी त्याचा अर्थ 'ओव्हरटाइमचे पैसे मागू नका' असा असतो, तेव्हा जॉइन होण्याआधी तोंडाने विचारून घ्या.

सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे 'नाही' म्हणणं. जानेवारीत थंडी वाढली, दिवस-रात्रीच्या तापमानात फार अंतर पडलं की थॉमसन जातीत पिंक बेरी येते. हिरव्या घडात गुलाबी मणी. खायला काही वाईट नाही, पण युरोपच्या हिरव्या मालात चालत नाही. अशी एक गाडी आली आणि मी थांबवली. शेतकरी माझ्या वडिलांच्या वयाचे.

"ताई, तुम्ही कालच्या आलेल्या. मी वीस वर्षं बाग करतोय."

ते खरंच होतं. मी म्हटलं, "भाऊ, मी निवडलेला क्रेट राहू द्या. तुम्हीच गाडीतून कुठलाही एक काढा, आपण दोघं बसून मोजू." त्यांनी मुद्दाम खालचा काढला. आम्ही टेबलाशी बसलो, घड न् घड उलटापालटा करून गुलाबी मणी वेगळे केले, दोन्ही ढीग काट्यावर ठेवले. आकडा त्यांनीच मोठ्याने वाचला. माल लोकल बाजारात गेला तर किलोमागे किती तुटणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. सही करून निघाले, चहाला थांबले नाहीत. माझा हात नंतर बराच वेळ थरथरत होता. सर हे सगळं ऑफिसच्या काचेतून पाहत होते आणि मध्ये पडले नाहीत, याचा मला रागही आला होता.

बांगड्यांचं प्रकरण त्यामानाने लवकर मिटलं. पॅकिंगला पेठ-सुरगाण्याकडच्या बऱ्याच बायका येतात. टेबलावर काचेच्या बांगड्या चालत नाहीत, एक तुकडा पनेटात गेला तर अख्खी खेप बोंबलली. आधीच्या सुपरवायझरने सगळ्यांसमोर "काढा नाहीतर घरी जा" म्हटलं होतं आणि अर्ध्या बायका खरंच उठून गेल्या होत्या. मी त्यांच्यातल्या एका वयस्कर मावशींना आधी बाजूला विचारलं. त्या म्हणाल्या, "काढायला लावू नको, झाकायला दे." कोपरापर्यंतच्या घट्ट बाह्या स्टोअरमध्ये पडूनच होत्या. सरांची परवानगी घेऊन त्या दिल्या, आणि शिफ्ट सुरू होताना व संपताना बाह्या तपासून नोंद करायचं काम मावशींनीच अंगावर घेतलं.

एप्रिलमध्ये कायमचं पत्र मिळालं. पगार मी मागितला त्याहून कमी होता, पण ऑफसीझनला बागांच्या नोंदणीचं आणि फवारणीच्या वह्या तपासायचं काम दिलं, म्हणजे बारा महिन्यांची सोय झाली. गेल्या वर्षीपासून मुलाखतीला सरांच्या शेजारी मीही बसते. लग्नाचा प्रश्न आम्ही पॅकहाऊसवर विचारत नाही. शहरातल्या ऑफिसात अजून विचारतात, त्यावर माझं भांडण चालू आहे.

कुणाला अर्ज करायचा असेल तर डिसेंबरपर्यंत थांबू नका, दिवाळी झाली की लगेच करा. येताना नेलपॉलिश काढून या, आणि पायात चप्पल नव्हे, दिवसभर उभं राहता येईल असे बूट घाला.