पत्रिकेतली तारीख

परवा प्रेसमध्ये एक काका मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. मॅटर वहीच्या पानावर लिहून आणलेलं. कागद हातात द्यायच्या आधीच म्हणाले, "सगळं बोल्ड करा हं. कुणाचंच नाव बारीक दिसायला नको."

पंधरा वर्षं हेच ऐकतोय. पूर्वी मान डोलवायचो आणि करून द्यायचो. मावसभावाच्या लग्नात त्याची फळं मिळाली. हळद शनिवारी, लग्न रविवारी. दोन्ही तारखा मी एकाच मापात, एकाच लाल रंगात लावल्या, दोन्हींभोवती तीच वेल. नाशिकचे पाहुणे शनिवारी दुपारी बाराला आहेर घेऊन हॉलवर, आणि हॉलला कुलूप. मावशी अजून विचारते, "पत्रिका कोणी लावली होती रे?"

खरं तर हे मला शाळेतच कळायला हवं होतं. इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षेतल्या संकल्पचित्रासाठी तोल, लय, विरोध, प्राधान्य हे शब्द आम्ही पाढ्यासारखे घोकले होते. सरावाच्या चौकोनात मी मोर, कोयऱ्या, कमळं, मिळेल ते कोंबलं. सरांनी तो कागद फळ्याला लावला आणि मला शेवटच्या बाकापाशी उभं केलं. "तिथून काय दिसतंय सांग." गोधडी दिसत होती. गोधडीलाही बऱ्याचदा मधला चौक असतो म्हणा, माझ्या चित्राला तोही नव्हता.

सरांची ती परीक्षा आता मी प्रेसच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर घेतो. 1973पासून घराघरांत लटकणारं हे कॅलेंडर. दारातून बघा, फक्त तारखेचा आकडा दिसतो. रविवार आणि सण लाल, म्हणून सुट्टीही तिथूनच कळते. जवळ गेलात की तिथी, नक्षत्र, चतुर्थीचा चंद्रोदय. एवढ्याशा चौकटीत इतकं मॅटर, तरी भांडण नाही, कारण कोणी आधी बोलायचं हे ठरलेलं आहे. त्यातूनही दुधाचा हिशेब लिहायला जागा उरते!

काकांच्या पत्रिकेत अडचण वेगळीच निघाली. मुलाकडचे निमंत्रक नऊ, मुलीकडचे तीन. शेजारी शेजारी लावले तर एक बाजू भरलेली, दुसरी ओकीबोकी. काका म्हणाले, तीन नावं मोठी करा. तसं केलं असतं तर मुलीकडचे ओरडतायत असं वाटलं असतं. मी त्या तिघांच्या खाली विवाहस्थळाचा पत्ता घेतला. नावं तीनच राहिली, पण दोन्ही पारडी बरोबर झाली.

राहिलं बोल्ड. देवनागरीत ते जास्तच त्रास देतं. ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. इंग्रजी पत्रिकेत नाव उठून दिसावं म्हणून अक्षरं सुटी करतात, इथं तसं केलं की शिरोरेघ तुटते आणि नावाचे तुकडे होतात. श्रीलिपीचे किती फॉन्ट पालटून पाहिले, शेवटी उपयोगी पडली ती मोकळी जागाच. तारखेच्या वर-खाली बोटभर कोरं सोडलं. वेल काढून टाकली. मुहूर्त तारखेच्या लगेच खाली, हळदीचा मजकूर तळाशी, साध्या काळ्या अक्षरांत.

काका प्रूफ बघून नाराज. "एवढी जागा रिकामी? पैसे तर पूर्ण कागदाचे घेताय." त्या जागेत एका मामांचं नाव बसेल असंही त्यांनी हेरलं होतं.

मी प्रूफ कालनिर्णयशेजारी चिकटवलं आणि त्यांना दारात उभं केलं.

"इथून काय वाचता येतंय?"

डोळे बारीक करून म्हणाले, "तारीख. आणि आमच्या पोरीचं नाव." जरा थांबले. "जावयाचं नाही लागत. थोडं मोठं करा, नाहीतर व्याही रुसतील."

दोन पॉइंटनं मोठं केलं. मग तोल जातोय म्हणून मुलीचंही करावं लागलं. मामांना निमंत्रकांत सरकवलं, तिनाचे चार झाले.