आंतरसंसदीय परिषदेचा सराव : मसुद्यापासून घरच्या सभागृहापर्यंत

पुण्यात राज्यशास्त्राच्या पदवी वर्गांसाठी मी आंतरसंसदीय परिषदेचा सराव घेते. विषय आफ्रिकेतल्या ग्रेट लेक्स प्रदेशाचा, म्हणजे तिथल्या मोठ्या सरोवरांभोवतीच्या देशांचा. शेजारच्या दोन देशांची सरकारं एकमेकांवर युद्धाचा आरोप करत असताना त्यांचे खासदार एका टेबलाशी बसून नेमकं काय करू शकतात, हा प्रश्न पुस्तकात वाचून सुटत नाही. करायला बसलं की लगेच कळतं कुठे अडतं. इतर शिक्षकांना वापरता यावी म्हणून पद्धत सविस्तर लिहिते आहे.

भारत-पाकिस्तान का घेत नाही, हे मुलं पहिल्याच दिवशी विचारतात. एक तर त्यात प्रत्येकाची भूमिका आधीच ठरलेली असते. दुसऱ्या बाजूने बोलायला कुणी मनापासून तयार होत नाही. शिवाय आपल्याकडची चौकटच अरुंद आहे. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेतलं दहावं कलम सांगतं की निर्णय एकमताने व्हावेत आणि द्विपक्षीय, वादग्रस्त प्रश्न चर्चेतून वगळावेत. सप्टेंबर 2019 मध्ये मालदीवची राजधानी मालेला दक्षिण आशियाई सभापतींची परिषद शाश्वत विकासावर भरली होती. तिथे पाकिस्तानच्या शिष्टमंडळाने काश्मीरचा विषय काढला, भारताने जोरदार हरकत घेतली, आणि बातमी तेवढीच उरली. ग्रेट लेक्समध्ये मात्र वाद कार्यसूचीवरच असतो. त्यामुळे शिकण्यासारखं तिथे जास्त आहे.

बारा देशांच्या आंतरराष्ट्रीय ग्रेट लेक्स परिषदेचा करार डिसेंबर 2006 मध्ये नैरोबीत झाला. सचिवालय बुरुंडीतल्या बुजुम्बुरात आहे. तिला जोडून संसदांचा मंच 2008 मध्ये रवांडाच्या राजधानीत, किगालीत, स्थापन झाला आणि त्याचं सचिवालय काँगोच्या राजधानीत, किन्शासात, आहे. वर्गात बारा देश झेपत नाहीत. मी पाच घेते : काँगो लोकशाही प्रजासत्ताक, रवांडा, बुरुंडी, युगांडा आणि टांझानिया. हे पाचही देश पूर्व आफ्रिकी समुदायाचेही सदस्य आहेत, काँगो 2022 पासून. इथे हमखास गोंधळ होतो, म्हणून सुरुवातीलाच फरक समजावून द्यावा लागतो. टांझानियातल्या आरुषा इथली पूर्व आफ्रिकी विधानसभा ही या समुदायाची, आणि ती कायदे करते. तिथे प्रत्येक देशाचे नऊ निर्वाचित सदस्य असतात, जे आपापल्या राष्ट्रीय संसदेचे सदस्य नसतात, आणि विधेयकाला राष्ट्रप्रमुखांची संमती लागते. मंचाला कायदा करायचा अधिकार नाही. पण तिथे बसलेला माणूस घरच्या सभागृहात मंत्र्याला प्रश्न विचारू शकतो. संपूर्ण सराव या एका गोष्टीवर उभा आहे.

प्रत्येक शिष्टमंडळ पाच जणांचं : तीन सत्ताधारी, दोन विरोधी. विरोधी पक्षाला वगळलं की परिषद परराष्ट्र खात्याची बैठक होऊन बसते. पाचही जण एकाच लिंगाचे चालत नाहीत. जागतिक आंतरसंसदीय संघाचाही तसा दंडक आहे : सलग तीन अधिवेशनांत शिष्टमंडळात फक्त पुरुष किंवा फक्त स्त्रिया असतील, तर एक सदस्य कमी केला जातो. रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात 80 पैकी 24 जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत आणि प्रत्यक्षात निम्म्याहून जास्त सदस्य स्त्रिया आहेत, तेव्हा त्या शिष्टमंडळात तीन मुली ठेवते. पंचवीस प्रतिनिधी, दोन सहअध्यक्ष, इतिवृत्त लिहिणारे दोघे, वेळ पाहणारा एक, दुभाषे तिघे : तेहतीस जणांचा वर्ग बसतो. सहअध्यक्षांची कल्पना ब्रिटिश-आयरिश संसदीय सभेकडून घेतली आहे. तिथे 1990 पासून दोन्ही बाजूंचा एकेक अध्यक्ष असतो आणि बैठका आलटून पालटून दोन्हीकडे होतात. उत्तर आयर्लंडमधले युनियनवादी (ब्रिटनबरोबरच राहू पाहणारे) पक्ष अनेक वर्षं बाहेर राहिले, तरी काम थांबलं नाही, हेही मी मुद्दाम सांगते. कारण सरावातही कुणी ना कुणी सभात्याग करतोच.

पुण्यात पूर्व आफ्रिकेतले विद्यार्थी बरेच आहेत. त्यांना बोलावते, पण त्यांच्याच देशाच्या शिष्टमंडळात बसवत नाही. ज्याच्या गावाबद्दल चर्चा चालली आहे त्याला पाहुणा म्हणून माहिती सांगता येते. त्याच्या तोंडून सरकारी भूमिका वदवून घेणं मला गैर वाटतं.

दुभाष्यांसाठी एक साधी सोय : फ्रेंच वापरणाऱ्या काँगो आणि बुरुंडीने हिंदीत बोलायचं, बाकीच्यांनी मराठीत, आणि प्रत्येक भाषण वाक्यावाक्याने दुसऱ्या भाषेत सांगायचं. हिंदी सगळ्यांना कळते, तरी सूट द्यायची नाही. तीन मिनिटांच्या भाषणाला सहा मिनिटं लागतात. कार्यसूची आखताना हे धरलं नाही तर दुपारनंतरचं सगळं कामकाज कोलमडतं.

विषय एकच द्यावा, आणि तो अरुंद असावा. ‘शांतता’ हा विषय दिला की भाषणं होतात, ठराव होत नाही. मी खनिज प्रमाणपत्रं घेते. 15 डिसेंबर 2010 च्या लुसाका जाहीरनाम्याने कथील, टंगस्टन, टँटलम आणि सोनं या चार खनिजांसाठी प्रादेशिक प्रमाणपत्राची व्यवस्था मान्य केली. खाणींची तपासणी होऊन त्यांना हिरवा, पिवळा, लाल असा दर्जा मिळतो, आणि प्रमाणपत्राशिवाय माल निर्यात होऊ नये अशी अपेक्षा आहे. प्रत्येक देशाचा यात काहीतरी जीव अडकलेला आहे. काँगोत उत्तर किवूमधल्या रुबाया इथल्या कोल्टनच्या (ज्यातून टँटलम मिळतं) खाणी 2024 मध्ये एम-23 या सशस्त्र गटाच्या ताब्यात गेल्या. रवांडा स्वतःही टँटलम निर्यात करतो. युगांडाच्या निर्यातीत सोनं आघाडीवर आहे. टांझानियाला वाटतं आपला काय संबंध. पण खनिजांचे कंटेनर दार-ए-सलामच्या बंदरातून जातात. हे टांझानियाच्या शिष्टमंडळाने स्वतः शोधून काढावं. मी सांगत नाही.

समितीच्या बैठकीला तीन तास ठेवावेत. त्यातला पहिला तास नेहमी ठरावाच्या प्रास्ताविकातच जातो, कारण काँगोला ‘रवांडाच्या पाठिंब्यावरचा एम-23’ हे शब्द हवे असतात. त्यांच्याकडे आधार असतो : सुरक्षा परिषदेने 21 फेब्रुवारी 2025 ला एकमताने केलेला 2773 क्रमांकाचा ठराव, ज्यात रवांडाच्या सैन्याने एम-23 ला साहाय्य थांबवावं असं म्हटलं आहे. रवांडाला एफडीएलआर या सशस्त्र गटाचा उल्लेख हवा असतो, ज्याची मुळं रवांडातल्या 1994 च्या नरसंहारातल्या गुन्हेगारांपर्यंत जातात. दोघंही हटत नाहीत. अशा वेळी दोन्ही सरकारांनी आधीच सही केलेली भाषा शोधायची. 24 फेब्रुवारी 2013 चा, या प्रदेशातल्या शांततेसाठीचा अदिस अबाबा चौकट-करार आहे. 27 जून 2025 चा काँगो आणि रवांडामधला वॉशिंग्टनचा करार आहे, ज्यात एफडीएलआर निष्प्रभ करणं आणि रवांडाने आपली ‘बचावात्मक व्यवस्था’ उठवणं दोन्ही आलं आहे. प्रास्ताविकात या दोन कागदांचं स्मरण करायचं, नवा दोषारोप लिहायचा नाही. पण पीडितांची बाजू त्यात पुसली जाते, अशी तक्रार काँगोचे विद्यार्थी करतात, आणि ती खरी आहे. म्हणून असहमतीची लेखी नोंद ठरावाला जोडायचा हक्क मी प्रत्येक शिष्टमंडळाला देते. नोंद शंभर शब्दांपर्यंत, आणि तिच्यावर चर्चा नाही. सभात्याग यामुळे बरेच टळतात.

आता एक कलम जवळून पाहू. मुलं पहिल्यांदा लिहितात :

‘सर्व देशांनी बेकायदा खनिज व्यापार तत्काळ थांबवावा.’

हे कुणाला उद्देशून आहे? खासदार व्यापार थांबवू शकत नाही. मग दुरुस्ती येते :

‘सर्व संसदांनी लुसाका जाहीरनाम्याची अंमलबजावणी करावी.’

अंमलबजावणी खात्याचं काम. संसदेने करायची ती देखरेख. शेवटी, बरीच खाडाखोड झाल्यावर, असं काहीतरी उतरतं :

‘हा ठराव पटलावर ठेवल्यापासून 90 दिवसांत प्रत्येक संसदेच्या संबंधित समितीने निर्यात झालेल्या चारही खनिजांच्या प्रमाणपत्रांचे क्रमांक, वजन आणि निर्यातीचे ठिकाण यांची लेखी माहिती खात्याकडून मागवावी व ती इतर चार समित्यांना कळवावी.’

आता यात कर्ता, मुदत, कागद आणि पत्ता, चारही आहेत. पाचही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवले की काँगोतून निघालेलं वजन आणि बंदरात पोहोचलेलं वजन जुळतं का ते दिसतं. आधीच्या मसुद्यात खाणींची नेमकी ठिकाणंही मागितलेली असतात. तिथे काँगो सुरक्षेचं कारण देऊन अडतो, आणि त्याचं बरोबर असतं. ती ओळ काढली की कलम पार पडतं. उपसूचना लेखीच घ्याव्यात, एका कागदावर एक, मूळ शब्द आणि सुचवलेले शब्द समोरासमोर. तोंडी उपसूचना घेतल्या की इतिवृत्त लिहिणाऱ्या दोघांच्या वह्यांत दोन वेगळे मजकूर सापडतात.

मतदान टाळावं. पाच देशांत तीन विरुद्ध दोन अशा मताने झालेला ठराव त्या दोघांच्या घरी कुणी उघडूनही पाहत नाही. सहअध्यक्षाने विचारायचं, ‘कुणाचा आक्षेप?’ मनातल्या मनात पाच अंक मोजायचे, मगच मंजूर म्हणायचं.

बरेच सराव इथेच संपतात, टाळ्या आणि समूहचित्र होतं. माझ्या मते खरं काम इथून सुरू होतं. आंतरसंसदीय संघाच्या नियमावलीत सदस्यांवर कर्तव्यच घातलं आहे : ठराव आपल्या संसदेपुढे न्यायचे, सरकारला कळवायचे, आणि काय झालं ते सचिवालयाला परत सांगायचं. म्हणून पुढच्या शनिवारी वर्ग पुन्हा पाच भागांत बसतो. प्रत्येक शिष्टमंडळ आता घरच्या सभागृहात आहे, आणि उरलेला वर्ग त्या देशाची संसद. ‘शत्रूच्या खासदारांबरोबर सही का केली?’ हा प्रश्न किन्शासातही येतो, किगालीतही. उत्तर द्यायला प्रत्येकी दहा मिनिटं. अहवाल दोन पानांपेक्षा मोठा नको. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी, घटनेची कलमं तोंडपाठ असलेली मुलंसुद्धा इथे चाचपडतात, कारण कामकाजाचे नियम त्यांनी उघडलेले नसतात. लोकसभेचे नियम आधी वाचायला द्यावेत. तारांकित (तोंडी उत्तराच्या) प्रश्नाला पुरवणी प्रश्न विचारता येतो, अतारांकिताला (लेखी उत्तराच्या) नाही, एवढं कळलं तरी प्रश्न धारदार होतात.

गुण देताना निम्मे या शेवटच्या बैठकीला ठेवते. विरोधी बाकावरच्या सदस्याने खात्याला विचारलेला प्रश्न लेखी जमा करायचा असतो : मंत्र्याचं पद, मागितलेला आकडा, कालावधी आणि उत्तराची तारीख. चारपैकी एक जरी नसेल, तर कागद दुरुस्तीसाठी परत जातो.