डिसेंबरातला अजिंठा: गर्दीत जीव घाबरा होतो त्यांनी निघण्याआधी वाचावं असं

"मधल्या वारी जा, तठी कोणी नसतं" असं अजिंठ्याबद्दल कोणी सांगितलं, तर आधी विचारा, कुठल्या महिन्यात? पहूरच्या आमच्या मावसभावाने हेच छातीठोकपणे सांगितलं होतं. तो उन्हाळ्यात गेला असेल. डिसेंबरात शाळांच्या सहली असतात आणि सहल मधल्या वारीच निघते. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, त्यामुळे खान्देशातली, बुलढाण्याकडची, मराठवाड्यातली शाळा आधी अजिंठाच धरते. रविवारची गर्दी घरच्या माणसांची, पसरून चालणारी. सहलीची गर्दी रांगेने येते, एका दमात लेण्यात शिरते आणि मागची तुकडी दारात उभी असते. घाबरणाऱ्याला दुसरी जास्त वाईट.

पायऱ्या आणि चढउतार जमतात, पायात पटकन काढता-घालता येईल अशी चप्पल आहे, पाण्याची बाटली आहे, हे सगळं धरूनच पुढचं लिहिते आहे. अडचण पायांची नाही, छातीची आहे.

आम्ही भुसावळचे. दादा आणि मी जामनेर-पहूरवरून फर्दापूरला उतरलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. टी-पॉइंटला यष्टीच्या लाल गाड्या एकीला एक लागून उभ्या. खासगी गाडी इथून पुढे जात नाही, वर चार किलोमीटर बसनेच जायचं. तिथे एक जीपवाला चिकटला, "आज वरची बस बंद आहे ताई, तीनशे द्या, सोडतो." बस पन्नास पावलांवर भरत होती. अशा माणसाशी हुज्जतही घालू नका, सरळ बसच्या खिडकीशी जाऊन विचारा. दगडवाल्यांचं तसंच. हातात एक चमकता खडा ठेवतात, "फुकट आहे, येताना फक्त दुकान बघा." घेऊ नका. येताना तो माणूस तुम्हाला गर्दीतून बरोबर ओळखून काढतो, आणि तेव्हा तुमच्यात नाही म्हणायची ताकद उरलेली नसते.

बसबद्दल माझं मत पक्कं आहे. उभ्याने कोंबलेली पहिली बस सोडून द्या. एसी बसला पैसे जास्त पडतात, पण बसायला जागा मिळाली तर ते वसूल आहेत. वर पोचायच्या आधीच श्वास वर-खाली झाला, की पुढचा सगळा दिवस त्याच्या मागे धावण्यात जातो. बसचं तिकीट वेगळं आणि लेण्यांचं 40 रुपयांचं वेगळं. लेण्यांचं मोबाइलवर आधीच काढून ठेवा, एक रांग वाचते.

आता लेणं क्रमांक 1. वर पोचल्यावर सगळ्यात आधी हेच लागतं, म्हणून प्रत्येक जण आधी यातच घुसतो. प्रत्येक शिक्षकाला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ धरलेल्या बोधिसत्त्वाचं चित्र, दाखवायचा असतो, आणि ते बरोबरच आहे, त्यासाठीच आलेत ते. बाहेर चपलांचा ढीग, व्हरांड्यात रांग, आत ठरावीक संख्येनेच सोडतात. माणसांच्या श्वासातला दमटपणा आणि उष्णता चित्रांना मारक असते, म्हणून 1, 2, 16 आणि 17 या चित्रांच्या लेण्यांत हा नियम आहे. नियम चांगला आहे. पण त्या दिवशी दोन शाळा एकमेकींत मिसळल्या, मोजणाऱ्याचा हिशेब चुकला आणि आम्ही त्यांच्याबरोबर आत ढकललो गेलो.

आत अंधार. चित्रांसाठी उजेड मुद्दाम मंद ठेवतात, उन्हातून गेल्यावर बराच वेळ काही दिसत नाही. छत आणि भिंती दगडाच्या, त्यामुळे साठ पोरांचा साधा बोलण्याचा आवाजही सगळीकडून परत येतो. त्यात एका सरांनी शिटी वाजवली. आत जाणारे आणि बाहेर येणारे एकाच दारातून चालले होते आणि मी मागच्या भिंतीजवळ पोचले होते, म्हणजे दारापासून सगळ्यात लांब. आधी तळहातांना मुंग्या आल्या, मग ओठ बधिर, मग छातीत असं धडधडायला लागलं की दादाला काही सांगायला आवाज फुटेना. दादा म्हणाला, "खाली बस." बसले आणि दुप्पट वाईट झालं. खाली बसल्यावर चहूकडे फक्त पाय दिसतात आणि हवा आणखी कमी वाटते.

तर बसू नका. खांबाला पाठ लावून उभ्या राहा. पाठीमागून कोणी येऊ शकत नाही एवढं कळलं तरी निम्मं ओझं उतरतं. मुंग्या येतात त्या श्वास भराभर घेतल्यामुळे, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो म्हणून. तेव्हा "मोठा श्वास घे" हा सल्ला ऐकू नका, त्याने आणखी वाढतं. श्वास हळू आणि लांब सोडा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावा. अशी लाट साधारण दहा मिनिटांत माथ्यावर पोचते आणि मग उतरतेच. आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका. पहारेकऱ्याकडे बघून मोठ्याने म्हणा, "मला बाहेर जायचंय, जीव घाबरा झालाय." त्याने लगेच हात आडवा धरून पोरांना थांबवलं आणि मला वाट करून दिली. पोरांनीही शहाण्यासारखी जागा दिली. लाज वाटायचं काही कारण नव्हतं. डॉक्टरांनी गोळी दिलेली असेल तर खिशात असू द्या. पण ती पहिल्यांदा घेऊन बघायची जागा ही नव्हे.

बाहेर आल्यावर पाणी प्यायले, मान-मनगटं ओली केली, आणि दादाने जे सुचवलं ते मी आता सगळ्यांना सांगते. लेण्यांना मागून सुरुवात करा. कुठेही न थांबता सरळ 26 गाठा आणि उलटे परत या. सहली क्रमाने चालतात, दहा-बारा लेण्यांनंतर पोरं थकतात, शिक्षक घड्याळ बघतात. 26 मध्ये आम्ही गेलो तेव्हा आत मोजकी माणसं होती. डाव्या हाताला महापरिनिर्वाणाची मूर्ती, सुमारे सात मीटर लांब पहुडलेला बुद्ध, आणि त्याच्या खाली रडणारी माणसं. त्यांच्यासमोर मी कितीतरी वेळ उभी होते आणि कोणी पुढे सरका म्हणालं नाही.

10 क्रमांकही घाबरणाऱ्यांसाठी उत्तम. इथलं सर्वांत जुन्यांपैकी हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, दर्शनी भाग पडून गेल्यामुळे पुढून मोठं मोकळं, उंच, हवेशीर. 28 एप्रिल 1819 ला ही लेणी पुन्हा नजरेस आणणाऱ्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका खांबावर आपलं नाव कोरलं तेही इथेच. 4 क्रमांकाचा विहार, म्हणजे भिक्षूंची राहायची जागा, सर्वांत मोठा आणि अर्धवट राहिलेला, चित्रं जवळजवळ नाहीत, म्हणून तिथे कोणी टिकत नाही. दम खायला जागा हवी असेल तर ती ही.

17 मध्ये आत जायचं धाडस झालं नाही तरी फारसं बिघडत नाही, कारण त्याचा व्हरांडाच पुरेसा आहे. डाव्या टोकाला भवचक्राच्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या फेऱ्याच्या चित्राचा उरलेला तुकडा, दाराच्या बाजूला आकाशातून येणारा इंद्र आणि अप्सरा. एकीच्या गळ्यातले मोत्यांचे सर वाऱ्याने एका बाजूला गेलेले दाखवलेत, त्यावरून ती उडते आहे हे कळतं. जिथे रंगाचा पापुद्रा गळलाय तिथे खालची माती दिसते, भाताचं तूस आणि काड्या मिसळून लिंपलेली, अगदी आपल्याकडच्या धाब्याच्या घराच्या भिंतीसारखी. हे मी उजेडात, मोकळ्या हवेत, हातभर अंतरावरून पाहिलं. आत ढकलाढकलीत दिसलं नसतं.

मध्ये श्वास पुन्हा अडकायला लागला तर खाली वाघूरवरच्या पुलाकडे उतरा. पलीकडे झाडी आहे, सावली आहे. हीच वाघूर, जिचं धरणाचं पाणी जळगावच्या नळांना येतं.

आणि मग चार वाजता आम्ही परत 1 मध्ये गेलो. सहलींना अंधाराआधी निघायचं असतं, त्यामुळे लेणं ओस होतं. पहारेकरी, दादा आणि मी. पद्मपाणीच्या उजव्या हातातलं कमळ, खाली वळलेले डोळे, भुवयांची एकाच झटक्यात ओढलेली रेघ, आणि चेहऱ्यावरचा तो भाव, ज्याला मी शब्द शोधत बसले नाही. सकाळी ज्या भिंतीपाशी मला मरतेय असं वाटलं होतं, तिथेच मी स्वस्थ उभी होते. आनंदाने रडू आलं. म्हणून ठाम सांगते, 1 आणि 2 साठी चारचीच वेळ धरा. सकाळी नऊच्या ठोक्यालाही रिकामं असतं म्हणतात. असेल. मी चारच सांगणार.

फक्त पाच वाजेपर्यंत रेंगाळू नका. लेणी बंद व्हायच्या वेळी खाली जायच्या बसला पुन्हा झुंबड उडते. साडेचारला बाहेर पडा.

गर्दी अजिबातच नको असेल तर धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे, जुने कागद आणि वस्तू जपणारी संस्था, इतिहासाचार्य राजवाडे गेल्यानंतर 1927 मध्ये सुरू झालेलं. जळगावला गांधीतीर्थ हे गांधीजींवरचं संग्रहालय आहे, कानाला यंत्र लावून आपापलं ऐकत फिरायचं, त्रास काहीच नाही. दोन्ही छान आहेत. आणि भुसावळला आमच्या गावातच मेजर रॉबर्ट गिल यांची कबर आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यात या माणसाने वर्षानुवर्षं घालवली, आणि त्यातल्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. तिथे कधी कोणी नसतं.

शेवटचं, कारण यात लोक हटकून फसतात. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. दोन्ही जोडून करायचं असेल तर बुधवार-गुरुवार धरा, पण डिसेंबर-जानेवारी सोडून. आणि त्याच महिन्यांत जावं लागलं, तर 26 कडून सुरुवात.